ढोरमाळावरची राखण

वाल पेरायचा तर जमिनीत ओल हवी, आणि ओल काही कुणाची वाट बघत बसत नाही. भात कापून झालं की खाचरात जो गारवा उरतो तेवढ्यात नांगर फिरवून दाणे टाकले तर टाकले, नाहीतर तीच माती अशी कडक होते की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. औंदा तर दिवाळी उलटली तरी पाऊस हटायला तयार नव्हता. कापलेलं भात आडवं पडून भिजलं, ते उलटंपालटं करून वाळवता वाळवता कोंडवाडीच्या बायकांच्या कमरा मोडल्या. आणि मग एके दिवशी आभाळ असं लख्ख झालं, वारा असा सुटला, की ओल डोळ्यांदेखत पळायला लागली. नेमका त्याच दिवशी येसाजीचा चांद्या लंगडायला लागला.

मागचा उजवा पाय. मांडीच्या सांध्यापाशी सूज. नांगराच्या रेघेचे दोन तास नीट ओढायचा आणि तिसऱ्या तासाला मधेच उभा. जोडीला राघू होता, तोही मग मान वळवून उभा. येसाजी पराणी उगारायचा, शिव्या घालायचा, पण टोचायचा नाही. चांद्याला त्यानं आजवर पराणी लावली नव्हती. कपाळावर पांढरा टिळा असलेलं हे जनावर घरच्या गाईच्या पोटचं. गाय आटली तेव्हा गोदूनं त्याला पेजेवर जगवलेलं.

गोदू बांधावर उभी राहून बघत होती.

"अवो, सोडा त्याला," ती म्हणाली. "दुखतंय म्हनून थांबतोय त्यो. जनावर उगाच थांबत न्हाय."

"आनि वाल कोन टाकनार? तुजा बाप?"

"माजा बाप वर गेला. सदाचा टिलर सांगा."

सदाचा टिलर! आता झाली ना पंचाईत. दोन वर्षांमागं सदानं यंत्र आणलं तेव्हा तालुक्याच्या गावी, तळ्याच्या बाजारात चार माणसांसमोर येसाजीच म्हणाला होता, की यंत्राची नांगरट म्हणजे कोंबडीनं परडं उकरल्यासारखी. माणसं हसली होती, सदाही हसला होता. पण सदा ते विसरला नव्हता. संध्याकाळी येसाजी त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला, तर सदा टिलरच्या पात्यातला चिखल काडीनं काढता काढता म्हणाला, "काय येसाजीदादा, कोंबडीचं उकरनं चालंल का तुमाला?"

येसाजीनं खालमानेनं वालाचं सांगितलं.

"सगळ्यांची घाई हाय," सदा म्हणाला. "तुमचा लंबर लावतो. आठ-धा दिसांनी."

आठ-दहा दिवसांनी ओल कुठली राहतेय! येसाजी घरी आला तो गुडघा धरून. त्याचाही उजवाच पाय. दोन वर्षं तो गुडघा घेऊन फिरत होता आणि फारच ठणकायला लागला की हिरामणला बोलवायचा. हिरामण तळ्याच्या एका दवाखान्यात पूर्वी झाडलोट करायचा, तिथंच सुई टोचायला शिकला. आता मोटरसायकलवर वाड्या-वाड्यांतून फिरून माणसांना आणि ढोरांना सारख्याच हातानं सुया द्यायचा. दुखण्याच्या औषधाच्या बाटल्या तळ्याहून आणलेल्या होत्या, येसाजीच्या कोनाड्यात पडून होत्या. सुई घेतली की गुडघा असा गप्प बसायचा की आपल्याला पाय आहे हेच विसरावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांना ओढ्यावर पाणी पाजायला नेलं तेव्हा येसाजीनं कोनाड्यातली बाटली कनवटीला लावून हिरामणला तिथंच गाठलं.

"मानसाला चालतं ते बैलाला न चालायला काय झालं?" हिरामण म्हणाला. "माप तेवढं वाढवायचं."

ज्या मांडीला सूज होती तिथंच त्यानं सुई खुपसली. चांद्यानं कातडी थरथरवली, मान वळवून येसाजीकडं पाहिलं, आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं. येसाजीनं त्या नजरेला नजर दिली नाही. "घरी बोलू नको," तो हिरामणला म्हणाला.

हिरामण हसला. "मी कुनाच्या घरी काय बोलतो का कदी?"

आदल्या रात्री गोदूनं चांद्याच्या पायाला तेल चोळलं होतं. खोबरेल, त्यात लसूण आणि ओवा कढवलेला. दोन्ही तळहातांनी, तोंडानं काहीबाही पुटपुटत. आणि त्या दिवशी चांद्या जुवाखाली असा चालला की बघत राहावं. एकदाही थांबला नाही. गोदू भाकरी घेऊन शेतावर आली आणि डोक्यावरची टोपली उतरवायचंच विसरली.

"बगा!" ती ओरडली. "बगा, माज्या तेलानं पाय सुदारला! म्हातारी सासू सांगायची ते खोटं न्हाय!" तिनं आपल्या वाटणीची भाकरी मोडून चांद्याच्या तोंडात घातली. त्याच्या गळ्याला गाल लावला. पासष्टीची बाई लहान पोरीसारखी हसत होती.

येसाजी नांगराच्या मुठीला धरून उभा होता. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा बोलला असता तर नुसतं भांडण झालं असतं, दोन दिवस चूल रुसली असती, एवढंच. पण तिचं ते हसणं बघून त्याची जीभ उचलेना. शिवाय अजून अर्धं रान राहिलं होतं.

येसाजीनं रोज हिरामणकडून सुई टोचवली. ओढ्यावर, सकाळी. रोज रात्री गोदू तेल चोळायची, रोज सकाळी चांद्या चालायचा आणि रोज तिचा तेलावरचा विश्वास वाढायचा. वाल टाकून झाले. शेवटचा तास काढताना चांद्याचा तो पाय बाहेरच्या बाजूला फेकला जात होता, खूर मातीत घासत होता, तरी तो ओढत होता. त्याला दुखतच नव्हतं तर तो थांबणार कसा?

जू उतरवल्यावर तो बसला तो उठलाच नाही. मुतायचा बंद झाला. पोट फुगलं. डोळे उघडे, पण बघणं नाही. गोदू तीन दिवस गोठ्यात बसून होती. तिसऱ्या दिवशी दिवस उजाडायच्या सुमाराला तिनं मोठ्यानं हंबरडा फोडला. येसाजी ओटीवर होता, त्याला आत जायची गरज पडली नाही.

"मीच मारला," गोदू म्हणत होती. "दवातलं कवळं गवात घातलं मी त्याला. रानातून भारा आनून घातला. लाडानं घातला वो! पोट फुगलं त्यानंच. मीच मारला माज्या बाळाला."

सून नूतन तिला धरून बसली होती. मुलगा स्वप्निल तळोज्याला कंपनीत, सुट्टीलाच यायचा, म्हणून घरात ही तिघंच. नूतननं सासऱ्याकडं पाहिलं, की यांनी तरी म्हातारीला चार शब्द बोलावे. येसाजी खांबाला टेकून उभा होता. "गवतानं काय मरतंय," एवढंच तो म्हणाला, आणि तेही इतकं हळू की कुणी ऐकलं नाही.

कोंडवाडीत मेलेलं ढोर पुरत नाहीत. साथीनं मेलं तर पुरतात, ती लाज. औताचा बैल तर मुळीच पुरायचा नाही. ज्या मातीत राबला त्याच मातीत त्याला दाबायचं म्हणजे मेल्यावरही सुटका नाही, असं जुनी माणसं मानायची. त्याला वर ढोरमाळावर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी घरधनीण लांबून बघायला जाते. गिधाडं उतरली असली की हात जोडायचे. जनावराचं देणं फिटलं, ते मोकळं झालं.

मधे कितीतरी वर्षं गिधाडंच नव्हती. ढोरं माळावर सडायची, कुत्री माजली होती. माणसांनी मग तिथं घरातला, शेतातला सगळाच कचरा टाकायला सुरुवात केली. खताच्या गोण्या, फवारणीच्या बाटल्या, फाटकी जाळी. पुढं तळ्याचा केतन नावाचा पोरगा आणि त्याची मंडळी आली. गावाला बरोबर घेऊन त्यांनी माळ साफ केला, शाळेत सभा घेतल्या, आणि गिधाडं परतली. फार नाहीत. पण माळाच्या कडेला जो उंच बेहडा आहे त्यावर एका जोडीनं घरटं बांधलं तेव्हा गावानं नारळ फोडला होता. पंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहिलेलं होतं, की दुखण्याची सुई दिलेलं ढोर माळावर टाकू नये, खड्डा करून चुना घालून पुरावं. येता-जाता सगळे ते वाचायचे. येसाजीनंही वाचलं होतं. पण ओढ्यावर सुई देताना कोण मरणाचा विचार करतो? तो वालाचा विचार करत होता.

नूतननं केतनला फोन केला. तो दुपारी आला, गोठ्याच्या दारात वाकून चांद्याला बघितलं आणि चपला काढून नमस्कार केला. मग बाहेर येऊन विचारलं, "येसाजीबाबा, आजारी होता तर काही औषध, सुई?"

गोदू तिथंच पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले.

"काय न्हाय," येसाजी म्हणाला.

"बाबा, नीट आठवा हां," नूतन म्हणाली. "हिरामण आला व्हता का?"

"न्हाय म्हनलं ना! तुजी सासू तेल लावायची. तेवडंच."

"तेलच लावलं," गोदू म्हणाली. "तेलानं बरा झाला व्हता. मीच घात केला."

केतननं मान हलवली. बैलाचं माणूस खोटं बोलेल असं त्याला का वाटावं?

चांद्याला न्यायला कोण आलं, तर सदा. आपल्या टिलरला मागं ओढायचा डबा जोडून आला. "येसाजीदादा, आवाज द्यायचा ना," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कोंबडीचं उकरणं कुठं नव्हतं. येसाजीला ते जास्त लागलं. गोदूनं चांद्याच्या कपाळावर हळद-कुंकू वाहिलं, शिंगांना तेल लावलं, त्याच वाटीतलं. डबा चढ चढू लागला तेव्हा गोठ्यातून राघूनं एकदा लांब हंबरून घेतलं आणि मग संध्याकाळभर आवाज केला नाही.

माळावर चांद्याला उतरवलं तेव्हा दिवस मावळायला आला होता. बेहड्यावरच्या घरट्यात एक गिधाड बसलं होतं, दुसरं बाजूच्या फांदीवर. फांदीवरच्यानं मान जरा पुढं काढून खाली पाहिलं. सदा म्हणाला, "उद्या जेवनार बेटे." येसाजी माळ उतरायला लागला.

जेवताना त्यानं नूतनला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "सुई दिलेलं खाल्लं तर काय व्हतं गं त्यांना?"

"मान गळते," नूतन म्हणाली. "झाडावर बसतात आनि मान हळूहळू खाली येत जाते. उचलतात, परत पडते. दोन-चार दिवस तशीच बसतात, मंग खाली. सभेत दाखवलं व्हतं आमाला." ती थांबली. "का वो बाबा?"

"काय न्हाय. आपलं विचारलं."

गोदू ताटावर नव्हतीच. ती गोठ्यात रिकाम्या दाव्यापाशी बसून गवताच्या काड्या निवडत होती, कोवळ्या एकीकडं आणि निबर एकीकडं. नूतन दोनदा बोलवायला गेली. तिसऱ्यांदा येसाजी गेला, दारापर्यंत. "गोदू," तो म्हणाला. तिनं वर पाहिलं. त्या चेहऱ्याकडं बघून त्याचा धीर सुटला. "जेवून घे," एवढंच त्याच्या तोंडून आलं.

पडल्या पडल्या त्यानं ठरवलं. गिधाडं काही पहाटे उठत नाहीत. ऊन तापून गरम वारा वर चढायला लागला की मगच ती पंख उघडतात, हे कोंडवाडीत कुणालाही ठाऊक. तोवर वेळ आहे. सकाळी लवकर जायचं, फांद्या तोडून चांद्यावर घालायच्या, वर धोंडे रचायचे. कुणाला कळायचं नाही. कुणालाही काही सांगावं लागायचं नाही. असं सगळं मनाशी जुळवून तो डोळे मिटायचा, आणि गोठ्यातून खूर घासल्याचा आवाज यायचा. एक पाऊल, आणि मग घसट. एक पाऊल, आणि मग घसट. राघूचे चारी पाय धड होते. येसाजी उठून बसायचा आणि आवाज थांबायचा.

सकाळी तो कोयती, कुदळ आणि पराणी घेऊन निघाला. गवत दवानं ओलं होतं, चढावर गुडघ्यात कळा येत होत्या. कोनाड्यात एक बाटली उरली होती. तिच्याकडं त्यानं बघितलं नव्हतं.

माळावर पोचला आणि जागीच खिळला.

ऊन अजून डोंगराच्या पलीकडंच होतं. वारा नव्हता. पण बेहड्यावरून खाली यायला वारा कशाला लागतो? घर माळाच्या कडेला, ताट समोर. फांदीवरचं ते गिधाड चांद्याच्या मांडीवर बसलं होतं. नेमकं त्याच मांडीवर. मान आत घालून ते ओढत होतं, लाल झालेली मान बाहेर काढून गिळत होतं.

"हाऽऽऽ!" येसाजी ओरडला. तो पळाला, पडला, उठून परत पळाला. "सोड! सोड त्याला! नको खाऊस रं!"

गिधाड जडपणे उडालं आणि पलीकडच्या कातळावर जाऊन बसलं. चोच दगडाला पुसली. येसाजीकडं बघत राहिलं. पोट भरलं होतं त्याचं.

येसाजीनं कुदळ मारून पाहिली. माळ म्हणजे नुसता कातळ, वर चार बोटं माती. कुदळ टणकन वाजून उलटी आली. फांद्या तोडायला जावं तर झाडी लांब, आणि पाठ फिरवली की ते कातळावरचं उडी मारून पुढं यायचं. म्हणून तो चांद्याभोवती पराणी घेऊन फिरू लागला. वालाच्या शेंगा भरल्या की रानात राखण करतात, तशी राखण. कावळे हाकलावे तर कुत्रं यायचं, कुत्र्याला धोंडा मारावा तर गिधाड सरकायचं. मग ऊन आलं. आणि वर, खूप उंचावर, एक ठिपका दिसला. मग आणखी. ते गोल फिरत खाली येऊ लागले.

एकेक गिधाड उतरलं आणि लांब बसलं. तेराव्याला आलेल्या पाव्हण्यांसारखी ती गुमान बसून राहिली, पानं वाढायची वाट बघत. येसाजीचा घसा बसला होता. धोतर सुटलं होतं. गुडघा असा ठणकत होता की पाय टेकवेना, तरी तो लंगडत चांद्याभोवती फिरत होता.

"अवो!"

गोदू माळाच्या टोकाला उभी होती. नव्या साडीत, हातात नारळ. रीत होती ती करायला आली होती.

"अवो, काय करता हे! खाऊ द्या त्यांना! याड लागलं का तुमाला? ती आलीत, त्याला न्यायला आलीत, आनि तुमी हाकलता?"

"नको येऊस जवळ!"

"माज्या हातनं मेला त्यो, निदान मोकळा तरी होऊ द्या!" ती रडत पुढं आली आणि तिनं त्याच्या हातातली पराणी धरली. "सोडा!"

"त्यांना खाऊ द्यायचं न्हाय, गोदू. त्याच्यात सुई हाय."

"कसली सुई?"

"माज्या गुडघ्याची."

ती बघत राहिली. येसाजीनं मांडीकडं बोट केलं, जिथं आता मोठं भगदाड पडलं होतं. "हितं. रोज देत व्हतो. ओढ्यावर. वाल टाकून होईस्तवर."

गोदूनं पराणी सोडली.

"म्हंजे तेलानं न्हाय सुदारला त्यो?" गोदूनं विचारलं.

"न्हाय."

"आनि गवतानं…"

"गवतानं न्हाय मेला. तू न्हाय मारलास. मी मारला."

गोदू मटकन खाली बसली. हातातला नारळ सुटून कातळावरून गडगडत गेला. तिनं पदर तोंडात धरला, पण रडली नाही. येसाजीला वाटलं, आता शिव्या देईल, दगड मारील. तिनं द्याव्यात, मारावेत, असंच त्याला वाटत होतं. ती उठली. खालची कोयती उचलली, चांद्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली आणि पुढं सरकलेल्या गिधाडावर तिनं कोयती उगारली. "हाऽऽ! जा! जा माज्या राज्या, लांब जा!" येसाजी या बाजूनं, ती त्या बाजूनं. त्याच्याशी ती एक अक्षर बोलली नाही.

दोघंही घरी नाहीत म्हणून नूतन शोधत आली, तिनं फोन लावले. केतन आला, ताडपत्री आली, चुन्याच्या गोण्या आल्या, सदाचा टिलर आला. गाव जमलं. केतननं सगळं ऐकून घेतलं आणि खाली बसला. त्याची नजर बेहड्यावर होती. "किती जणांनी खाल्लं?" त्यानं विचारलं.

"एकानं," येसाजी म्हणाला. "त्या घरट्यातल्यानं."

"खड्डा कुटं मारायचा?" सदानं विचारलं. "हितं समदा कातळ."

आपली जमीन कोण देणार? तेव्हा गोदू म्हणाली, "आमच्या खाचरात. माती नांगरलेली हाय. मऊ हाय."

ज्या तुकड्यासाठी चांद्याला सुया दिल्या त्याच तुकड्यात खड्डा घेतला. वालाचे कोंब नुकते माती फोडून वर येत होते. माणसांच्या पायांनी, टिलरच्या चाकांनी ते तुडवले गेले. डबा खड्ड्याच्या तोंडाशी तिरपा केला तेव्हा चांद्याचं तोंड बाहेर आलं, कपाळावरचं कुंकू तसंच होतं. गोदूनं पाठ फिरवली. औताचा बैल त्या घरानं मातीत दाबला. म्हातारी माणसं बांधावरूनच परतली, कुणी येसाजीला नावानं हाक मारली नाही.

हिरामण त्यानंतर महिनाभर वाडीत फिरकला नाही.

बेहडा येसाजीच्या खाचरातून सरळ दिसायचा. दुसऱ्या दिवशी ते गिधाड आपल्या फांदीवर बसलं होतं. येसाजीनं कपाळावर हात धरून पाहिलं. मान ताठ होती. त्याला उगाचच आशा वाटली. तिसऱ्या दिवशी मान खाली आली. मग उचलली. मग परत खाली आली, हळूहळू, झोप लागणाऱ्या पोरासारखी. वनखात्याची माणसं जाळी घेऊन आली, तर ते कसंबसं वरच्या फांदीवर गेलं, हाती लागलं नाही. घरट्यातलं दुसरं अंड्यावर बसून होतं. त्याची जेवायला जायची पाळी आली होती, पण बदली यायचं ते फांदीवर डुलत होतं, म्हणून तेही उठेना.

येसाजी बांधावर बसून राहायचा. राघूला चरायला सोडलं की तो खाचराच्या त्या कोपऱ्यापाशी यायचा, चांद्याच्या डाव्या बाजूला जेवढी जागा सोडून चालायचा तेवढी जागा सोडून उभा राहायचा, आणि हलायचा नाही. संध्याकाळी येसाजी त्याला ओढून घरी न्यायचा. घरात गोदू ताट वाढायची, पाणी ठेवायची, राघूला गवत घालायची. पण त्याच्याशी बोलायची नाही. गुडघा दिवसेंदिवस सुजत होता. कोनाड्यातली बाटली नूतननं काढून नेली होती. ती नसती नेली तरी त्यानं हात लावला नसता. रात्री कळ आली की तो दात आवळून पडून राहायचा आणि त्याला वाटायचं, हे त्याचं आहे, चांद्याचं. आपण घेतलेलं परत आलंय.

पाचव्या दिवशी सकाळी फांदी रिकामी होती.

ते झाडाखाली पालथं पडलं होतं, पंख पसरून. एवढा मोठा पक्षी, आणि उचलला तर हलका. वनखात्याच्या माणसांनी काय ते तपासायला काढून घेतलं आणि सांगितलं, याला पण पुरायचंय, चुना घालून, कुत्र्यांनी उकरता कामा नये. केतनचे डोळे लाल होते. तो कुदळ घ्यायला वाकला.

"ठेव," येसाजी म्हणाला. "मी खनतो."

चांद्याच्या खड्ड्याला लागून त्यानं जागा धरली. वरची माती मऊ होती, पण खाली जांभा लागला. केतन आणि नूतन बाजूला उभे होते. येसाजी एक घाव घालायचा, पाय घासत सरकायचा, दुसरा घाव घालायचा. वर बेहड्यावर ते दुसरं अजून बसून होतं आणि बघत होतं की काय, कोण जाणे. तोंडावरून घाम ओघळत होता. गुडघ्यातून कळ निघायची ती थेट छातीत शिरायची, पण तो थांबला नाही. थांबायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटत होतं.

गोदू कधी आली ते त्याला कळलं नाही. तिच्या हातात हळद-कुंकवाची कुयरी होती. तिनं ती बांधावर ठेवली आणि खड्ड्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ त्याच्या पायाकडं बघत राहिली. एक पाऊल, आणि मग घसट.

"दुखतंय?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांनी तिचा आवाज त्याच्यासाठी होता.

येसाजीनं मान वर केली. त्याला न्हाय म्हणायचं होतं.

"व्हय," तो म्हणाला. "लय दुखतंय, गोदू."

"मंग थांबा," ती म्हणाली. तिनं पदर खोचला, खड्ड्यात उतरली आणि त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली.